आव थांबत नाही तेव्हा : एका जुन्या आजाराची हकिगत

मागच्या वेळी आपण पावसाळ्यातल्या पाण्याच्या आजारांवर बोललो. त्यानंतर किन्हवलीकडच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी प्रश्न काढला. त्यांच्या जावेच्या मुलीला दोन वर्षं रक्ताची आव पडते आहे. गोळ्या झाल्या, कुड्याची साल झाली, भगताचा अंगारा झाला. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सुरू. आता कुणी तरी शहरात दुर्बीण घालून तपासलं आणि सांगितलं की ही आव नाही, मोठ्या आतड्याला जखमा झाल्या आहेत, आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. ताईंनी विचारलं, "आमच्या आजी-पणजीच्या काळात हे नाव कधी ऐकलं नाही. मग हा आजार आला कुठून?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि आपल्या तालुक्यातून बाहेरही.

आधी आपल्याकडचं. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुरबाडच्या अंगाला बारवी आहे. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं आणि तेव्हापासून इथलं पाणी मुंबई पिते आहे. एप्रिल-मे आला की इथल्या पाड्यांवर मात्र बाया टँकरची वाट बघतात, नाही तर डबक्याजवळ झरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. असं पाणी पोटात गेलं की आव होतेच. म्हणून आपल्याकडे पोटात मुरडा येऊन रक्त-शेंब पडलं की कुणी दुसरा विचार करत नाही. आव म्हणजे पाण्याची, आणि आवेवर कुडा.

कुड्याला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. त्याच्या फुलांची भाजी आपण खातो, आणि सालीचा काढा आवेवर देण्याची रीत आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. गेल्या शतकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत रामनाथ चोप्रा या डॉक्टरांनी देशी औषधांचा अभ्यास केला, त्यात कुडाही होता. कुड्यापासून केलेलं औषध त्या काळी डॉक्टर अमिबाच्या आवेवर देत असत. म्हणजे आपल्या म्हाताऱ्या काही उगीच सांगत नव्हत्या. पण कुडा चालतो तो जंतूंच्या आवेवर. ज्या आजारात जंतूच नाही, तिथे तो काय करणार? आणि रक्ताची प्रत्येक आव जंतूचीच असते, हा समज फक्त आपला नव्हता. मोठमोठ्या डॉक्टरांचाही तो होता, आणि तो जायला शंभर वर्षं लागली.

आता गोष्ट लंडनजवळच्या रिचमंड गावची, साल १८५९. म्हणजे आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव नुकताच शमला होता, त्या वेळची. आयझाबेला बँक्स नावाची चाळिशीची बाई. वडिलांकडून आलेला थोडा पैसा तिच्या नावावर होता. थॉमस स्मेथर्स्ट नावाच्या डॉक्टरने तिच्याशी लग्न लावलं. त्याची पहिली बायको जिवंत होती. लग्नाला काही महिने होतात न होतात तोच आयझाबेलाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले, जुलाबात रक्त. इलाज करायला आलेल्या डॉक्टरांना काही उमगेना. बहिणीला हा नवरा भेटीपासून लांब ठेवत होता. मरणाच्या एक-दोन दिवस आधी त्याने वकील बोलावून तिच्याकडून मृत्युपत्र करून घेतलं, सगळं स्वतःच्या नावावर. ३ मे १८५९ रोजी ती गेली. शव तपासलं तेव्हा कळलं की तिला दिवसही गेले होते.

आता सांगा, गावात असं झालं असतं तर तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? तेच तिथे सगळे म्हणाले. नवऱ्याने विष घातलं. त्या काळातले विषाचे मोठे तज्ज्ञ आल्फ्रेड टेलर यांनी एका बाटलीत सोमल सापडल्याचं सांगितलं, आणि स्मेथर्स्टला अटक झाली. पुढे कळलं ते असं की तपासणीत वापरलेल्या तांब्याच्या जाळीतच सोमल होता. बाटलीतल्या औषधाने ती जाळी विरघळली आणि तिच्यातला सोमल पाण्यात उतरला. टेलर यांना चूक कबूल करावी लागली. तरीही पंचांनी त्याला दोषी ठरवलं आणि फाशीची शिक्षा झाली. मग वर्तमानपत्रांत ओरड झाली, डॉक्टरांनी अर्ज केले, सरकारने एका नामांकित शल्यवैद्याचं मत मागवलं, आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला सोडलं. पहिली बायको असताना दुसरं लग्न केल्याबद्दल मात्र वर्षभर तुरुंगात बसवलं. बाहेर आल्यावर त्याने मृत्युपत्राप्रमाणे पैसाही मिळवला. माणूस काही चांगला नव्हता, ते आपण धरून चालू.

या सगळ्या गोंधळात गाय्ज हॉस्पिटलचे सॅम्युअल विल्क्स नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आयझाबेलाचं आतडं नुसतं डोळ्यांनी नीट पाहिलं. आतून सूज आणि जखमा. त्यांनी एका वैद्यकीय साप्ताहिकात पत्र लिहून काय पाहिलं ते कळवलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक डॉक्टर या पत्रापासून करतात. नंतर ज्यांनी ते वर्णन पुन्हा वाचलं त्यांच्यातले काही म्हणतात की हा त्याच आजाराचा भाऊबंद असावा, क्रोन नावाचा, कारण लहान आतड्याचं टोकही सुजलेलं होतं. ते काही असो. एका बाईच्या पोटातलं दुखणं ती जिवंत असताना कुणाला ओळखता आलं नाही, आणि ती गेल्यावर ते विष समजलं गेलं.

आपल्याकडे विषाऐवजी करणी म्हणतात, एवढाच फरक. सासरी आल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मुलगी वाळायला लागली की कुणी कुणी काय घातलं याची चर्चा सुरू होते. हा आजार बहुतेकांना ऐन पंधरा ते पस्तीसच्या वयात उभा राहतो, म्हणजे नेमका लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांत. त्यामुळे बोट माणसांकडे जातं, आतड्याकडे जात नाही.

विल्क्स यांच्या पत्रानंतर पुढची पन्नास वर्षं आवेचं पोट फाडून बघण्यात गेली. १८७५ साली रशियात फ्योदोर लोश या डॉक्टरने एका शेतकऱ्याच्या शौचात अमिबा पाहिला. १८९७ साली जपानमध्ये आवेची मोठी साथ आली, तेव्हा कियोशी शिगा यांनी दुसरा जंतू शोधला. आजही त्या जंतूला त्यांचंच नाव आहे, शिगेला. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी अमिबावर एमेटिनची सुई टोचायला सुरुवात केली आणि माणसं वाचायला लागली. आता आवेचे दोन जंतू हाती होते आणि एकावर औषधही. पण काही रोगी उरतच होते. त्यांच्या शौचात अमिबा नाही, शिगेला नाही, आणि रक्त मात्र थांबत नाही. १९०९ साली लंडनच्या डॉक्टरांनी एकत्र बसून आपापल्या रुग्णालयांतले असे रोगी मोजले, तर ते तीनशेच्या वर निघाले. त्यांच्यातले बरेच दगावलेले होते.

जंतू सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी रोग्याच्या मनावर ठपका ठेवला. १९३० साली अमेरिकेत सेसिल मरे याने काही रोग्यांच्या आयुष्यातले प्रसंग तपासून लिहिलं की हा आजार मनातून येतो. ती कल्पना अशी रुजली की पुढे पंचवीस-तीस वर्षं हीच शिकवण चालली. रोगी हळवा आहे, परावलंबी आहे, आईच्या पदराला धरून आहे, म्हणून आतडं रडतं, असं मोठमोठ्या ग्रंथांत छापलं गेलं. दिवसातून पंधरा वेळा धावावं लागणाऱ्या, अंगातलं रक्त संपलेल्या माणसाला विचारायचं की तुझं आईशी पटतं का! साठीच्या दशकात अशा रोग्यांची ओळीने नीट तपासणी झाली, तेव्हा त्यांची मनं इतर माणसांपेक्षा वेगळी निघाली नाहीत. ताणाने त्रास वाढू शकतो हे खरं. पण ताणामुळे हा आजार होत नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण आपल्या घरात ही शिकवण अजून संपलेली नाही. "मनाला फार लावून घेते", "कामाच्या वेळीच हिला परसाकडे होते", ही वाक्यं तुम्ही ऐकली असतील. कदाचित बोललाही असाल. मीही बोलले आहे.

खरं कारण काय, तर आपल्या अंगात जंतूंशी लढणारी राखण असते, ती बिथरते आणि आपल्याच मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उठते. गुदद्वाराजवळून सूज सुरू होते आणि वर चढत जाते, कुणाची थोडी, कुणाची पूर्ण आतडंभर. ही राखण का बिथरते ते पूर्ण कळलेलं नाही. काही अंगच्या ठेवणीतून येतं, काही बाहेरच्या बदलांतून. एवढं पक्कं आहे की तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं काढायची गरज नाही. पोर जवळ घ्यायला हरकत नाही.

आता औषधाची गोष्ट, आणि ती एका बाईची आहे. नान्ना स्वार्त्स, स्वीडनची डॉक्टर, जन्म १८९०. १९३७ साली ती स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाली. त्या देशात सरकारी विद्यापीठात प्राध्यापक झालेली ती पहिली बाई. तिच्याकडे सांध्यांच्या आमवाताचे रोगी येत. त्या काळी समज होता की आमवातही जंतूमुळे होतो. सल्फाची औषधं तेव्हा नवी होती. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतही त्याच सुमारास प्लेग आणि पटकीवर सल्फाची औषधं करून पाहत होते. स्वार्त्सबाईंनी विचार केला की सल्फाला सॅलिसिलेटची जोड द्यावी, म्हणजे दुखऱ्या सांध्याला ॲस्पिरिनच्या जातीचं औषध आणि जंतूला सल्फा, दोन्ही एकाच गोळीत जातील. एका कारखान्याच्या मदतीने अशी गोळी बनवली. ती घेणाऱ्यांच्यात काहींना आतड्याचाही त्रास होता, आणि त्यांचं रक्त पडणं थांबलं. १९४२ साली तिने ते छापलं. जगात तेव्हा महायुद्ध पेटलेलं, त्यामुळे ही बातमी पसरायला वेळ लागला. त्या गोळीचं नाव सल्फासालाझिन. आजही ती मिळते, आणि या आजारावरच्या स्वस्त औषधांत ती आहे.

ती गोळी चालते कशी, ते पुढे तीस-पस्तीस वर्षांनी उलगडलं. गोळी लहान आतड्यातून बहुतांशी तशीच खाली जाते. मोठ्या आतड्यात जे जंतू कायमचे राहतात, तेच तिचे दोन तुकडे करतात. मग यांतला कामाचा तुकडा कोणता? १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये शिकायला गेलेल्या आझाद खान या बांगलादेशी डॉक्टरने हे शोधलं. त्याने काही रोग्यांना पूर्ण औषधाचा एनिमा दिला, काहींना नुसत्या सल्फाच्या तुकड्याचा, काहींना नुसत्या सॅलिसिलेटच्या तुकड्याचा. सल्फावाल्यांना गुण कमी, बाकी दोघांना चांगला. म्हणजे ज्या सल्फासाठी गोळी बनली होती ती फक्त वाहून नेण्याचं काम करत होती. त्या दुसऱ्या तुकड्यालाच आज मेसालामाइन म्हणतात. तुमच्यापैकी कुणाच्या चिठ्ठीवर ते नाव असेल तर हा त्याचा जन्म.

एक गोष्ट त्यातूनच निघाली, ती बायांनी नक्की ऐकावी. सल्फासालाझिन घेणाऱ्या पुरुषांचं वीर्य गोळी चालू असेपर्यंत कमजोर होतं. गोळी बदलली की दोन-तीन महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखं होतं. हे १९७९च्या सुमाराला डॉक्टरांच्या ध्यानात आलं. घरातल्या पुरुषाला हा आजार असेल, ही गोळी चालू असेल आणि मूल होत नसेल, तर सुनेला बोल लावण्याआधी त्याच्या डॉक्टरला विचारा. आणि बाई स्वतः ही गोळी घेत असेल तर तिला फॉलिक ॲसिडची गोळी जोडीला लागते, कारण हे औषध अंगात फोलेट नीट शिरू देत नाही.

दुसरं मोठं औषध स्टिरॉइड. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० रोग्यांवर केलेली तपासणी छापली. अर्ध्यांना कॉर्टिसोन, अर्ध्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. कुणाला काय मिळालं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. कॉर्टिसोनवाल्यांना गुण कितीतरी जास्त आला आणि मरणं कमी झाली. त्याच लेखात त्यांनी आजार किती जोराचा आहे हे ओळखायची एक खूण दिली, ती सत्तर वर्षांनी आजही डॉक्टर वापरतात. ती आशाताईंनी आणि आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, आणि त्याच्या जोडीला ताप, किंवा नाडी मिनिटाला ९०च्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली. असं असेल तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात भरती व्हायचं. पोट फुगून दगडासारखं झालं असेल तर रात्रीची वेळही बघायची नाही.

स्टिरॉइडचा एक धोकाही सांगायलाच हवा. गोळी घेतली की भूक लागते, तोंडावर तेज येतं, माणूस खूश होतो. मग काही जण तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं दुकानात दाखवत राहतात. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, तोंड सुजतं. घाबरून एका दिवसात बंद केली तर तेही जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरच्या सांगण्याने चढवायची आणि सांगण्यानेच हळूहळू उतरवायची. तसंच, खरोखर अमिबाची आव असताना कुणी स्टिरॉइड दिलं तर आतडं फाटू शकतं. म्हणून आधी तपासणी.

हा आजार साहेबांचा, थंड देशांतला, असंही बरीच वर्षं मानलं गेलं. आपल्याकडे जो रक्ताने झुरतो तो आवेचा किंवा क्षयाचा, हा हिशोब डॉक्टरांनीही पक्का केलेला होता. साठीच्या दशकात दिल्लीच्या डॉक्टरांनी आपल्या रोग्यांवर लेख लिहिले तेव्हा तो हिशोब हलला. त्यांतला एक १९६७ साली ब्रिटनच्या मोठ्या वैद्यकीय पत्रात छापून आला. पुढे पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन ५१,९१० माणसं तपासली, त्यांत २३ जणांना हा आजार निघाला. म्हणजे लाखाला सुमारे ४४. आपल्या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळून पाच लाखांच्या आसपास होती. पंजाबचं प्रमाण इथे जसंच्या तसं लागेल असं नाही. पण लागलं, तर दोनशेच्या वर माणसं झाली. ती आहेत कुठे? काही आवेच्या गोळ्या खात असतील, काहींना मूळव्याध म्हणून मलम दिलं असेल, काही क्षयाच्या औषधावर असतील. आणि बायांच्या बाबतीत तर अंगात रक्त कमी आहे एवढंच लिहून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील. त्या द्यायलाही हव्यात. पण गळका हंडा भरत बसण्याआधी भोक कुठे आहे ते बघायला हवं.

तेव्हा किन्हवलीच्या ताईंना माझं उत्तर असं, की हा आजार तुमच्या पणजीच्या काळातही कुणाला ना कुणाला झाला असणार. तेव्हा पटकी आणि आवेनेच इतकी माणसं जात की त्यात हे वेगळे कोण बघणार? आज तो पूर्वीपेक्षा वाढलाही आहे, असं देशभरचे डॉक्टर सांगतात. तेलंगणात खेड्यापाड्यांत शिबिरं घेऊन तपासणी झाली, तिथेही रोगी सापडले. फक्त शहरातल्या खाण्याने होतो, ही समजूतही त्यामुळे टिकत नाही.

मग ओळखायचं कसं? जंतूची आव बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत, औषधाने त्याहून लवकर, बरी होते. रक्त आणि शेंब तीन-चार आठवडे चालू आहे, किंवा थांबून थांबून पुन्हा येतं आहे, रात्री झोपेतून उठावं लागतं आहे, वजन उतरतं आहे, तर आवेच्या गोळ्यांचा तिसरा कोर्स घेऊ नका. शौचाची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्या. दुर्बीण खालच्या वाटेने घालतात, आतून एक बारीक तुकडा काढून तपासतात. लाज वाटते, कबूल. दुखतं त्यापेक्षा भीतीच जास्त वाटते. बाई डॉक्टर असेल का, सोबत कुणाला थांबता येईल का, हे आधी विचारता येतं.

निदान झाल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती बरं वाटल्यावर. रक्त थांबलं की गोळी थांबते. उपासाच्या दिवशी गोळी राहते, माहेरी जाताना डबी घरी राहते. हा आजार समूळ जात नाही, तो निजतो. गोळी त्याला निजवून ठेवते. दिवस गेले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणाऱ्या मुली फार. खरं तर आजार निजलेला असताना दिवस गेले तर बाळंतपण बहुतेक नीट पार पडतं, आणि तो जागा असताना गेले तर बाळाला आणि आईला धोका जास्त. सल्फासालाझिन आणि मेसालामाइन पोटुशीपणात चालतात. काही दुसरी औषधं चालत नाहीत, म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरशी बोलावं.

खाण्याचं फार अवडंबर नको. कोणत्या एका पदार्थाने हा होत नाही आणि कोणत्या पदार्थाने जात नाही. त्रास चालू असताना मऊ भात, पेज, मुगाची खिचडी, अंडं असं पचेल ते. शेंगा, सालीची कडधान्यं, फार तिखट तेव्हा बाजूला. बरं असताना नाचणीची भाकरीही खावी, मासळीही खावी. दूध सोसत असेल तर ते सोडायचं कारण नाही. अंगदुखीच्या गोळ्या मात्र दुकानातून आणून खाऊ नका, त्यांनी आजार उठतो. आणि आजार आठ-दहा वर्षं जुना झाला की दुर्बीण अधूनमधून पुन्हा करावी लागते, कारण सूज फार वर्षं राहिली तर कर्करोगाची भीती वाढते.

लाजेबद्दल एक सांगते. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हा आजार तरुणपणापासून होता. २००७ साली प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडलं. नवीन औषधाने बरं वाटल्यावर पुन्हा निवडून आले आणि जवळजवळ आठ वर्षं देश चालवला. २०२० साली आजार पुन्हा उठला, तेव्हा वार्ताहरांपुढे त्यांनी आजाराचं नाव घेऊन राजीनामा दिला. एवढा मोठा माणूस पोटाचं नाव चारचौघांत घेतो, आणि आपल्याकडे सोळा वर्षांची पोर आईलाही सांगत नाही, अंधार पडायची वाट बघत पोट दाबून बसते. घरात संडास नसेल, असेल तर पाणी नसेल, तर या पोरीचे हाल काय होतात ते पुरुषांना सांगून कळत नाही. शाळेत तिला वर्गातून न विचारता उठता यावं, एवढं तरी मास्तरांना जाऊन सांगा.

तपासणीला शहरात जायचं तर तयारी लागते. आधी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन पुढे. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे इथे पोटाच्या आजारांचे डॉक्टर आहेत. जाण्याआधी पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवा : रोज किती वेळा, किती वेळा रक्त, रात्री किती वेळा, ताप होता का. लिहिता येत नसेल तर मुलीकडून रेघा मारून घ्या. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत. आजवर खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा टाका. योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत हवं.

आणि प्रवासाचं. कसारा लोकलमध्ये संडास नसतो. अशा रोग्याला दोन-अडीच तास गाडीत कोंडून नेणं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. म्हणून घाईची गाडी पकडू नका. पहाटे थोडं खाऊन, आसनगावला जाऊन येऊन मगच गाडीत बसवा. वाटेत कल्याणला उतरायची तयारी ठेवा, पुढची गाडी मिळते. मुरबाडहून एसटीने येणाऱ्यांनी कल्याण स्टेशनवर थांबून घ्यावं. पिशवीत एक जुनं लुगडं, बदलायचे कपडे आणि पाण्याची बाटली. सोबत बाईमाणूस असावी. नवरा आला तर चांगलंच, पण संडासाच्या दारापर्यंत बरोबर जायला बाईच लागते.